घरच्या वेधशाळेबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही नेमकं काय बनवता?

दुर्बिणीभोवती आणि दुर्बिणीखाली जे लागतं ते सगळं. सरकती छपरं, एफआरपीचे (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचे) छोटे घुमट, दुर्बीण बसवायचे लोखंडी खांब, छप्पर उघडबंद करणाऱ्या मोटारी आणि त्यांचे कंट्रोलर, दव पडू नये म्हणून भिंगाभोवती गुंडाळायच्या हीटरच्या पट्ट्या. आरसे, भिंगं आणि कॅमेरे आम्ही बनवत नाही आणि विकतही नाही. त्यामुळे अमुक दुर्बीण घ्या असं सांगण्यात आमचा काही फायदा नसतो. विचारलंत तर मनापासूनचं मत देतो.

आमचा कारखाना पुण्याजवळ आहे. फॅब्रिकेशन, मोल्डिंग आणि वायरिंग मिळून आम्ही मोजकी माणसं. वर्षाला थोडीच कामं घेतो, कारण प्रत्येक जागा आधी स्वतः रात्री जाऊन पाहतो.

मला खरंच वेधशाळेची गरज आहे का?

गेल्या वर्षभरात तुम्ही दुर्बीण किती रात्री बाहेर काढलीत ते आठवून पाहा. दहाच्या आत असतील तर थोडं थांबा. बाहेर काढल्यात पण प्रत्येक वेळी ट्रायपॉड, वजनं, बॅटरी, वायरी मांडण्यात तास गेला, ध्रुवताऱ्याशी जुळवाजुळव करण्यात आणखी अर्धा तास गेला आणि तेवढ्यात ढग आले, असं होत असेल तर वेधशाळा तुमच्यासाठीच आहे. कायमच्या खांबावर बसवलेली दुर्बीण पाच मिनिटांत तयार होते. ऑफिसातून येऊन जेवण झाल्यावर तासभर आकाश बघायचं असेल, तर खरा फरक या पाच मिनिटांनी पडतो. आठ इंचांची दुर्बीण बारा इंचांची केल्यानं तेवढा पडत नाही.

डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या पेटीत बसवलेली परावर्ती दुर्बीण असेल तर गच्चीच्या दाराशी चाकांची पाटी आणि वर पत्र्याची पेटी एवढ्यावर काम भागतं. ती आम्ही बनवून देतो, पण तुमच्या गल्लीतला फॅब्रिकेटरही बनवून देईल. तिच्यासाठी मुद्दाम आमच्याकडे यायची गरज नाही.

अजून एकदाही दुर्बिणीतून पाहिलेलं नसेल तर आधी एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमाला जा. पुण्यात १९४४ साली सुरू झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे. चार वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून पाहिल्यावर आपल्याला काय आवडतं ते कळतं. कुणाला डोळ्यानं पाहायचं असतं, कुणाला फोटो काढायचे असतात, आणि या दोघांची वेधशाळा सारखी नसते.

घुमट घ्यावा की सरकतं छप्पर?

दहापैकी आठ जणांना आम्ही सरकतं छप्पर सुचवतो. उघडलं की सगळं आकाश एका वेळी दिसतं, चार पाहुणे आत उभे राहू शकतात, उन्हात तापलेली हवा चटकन निघून जाते आणि बिघाड झाला तर गावातला वेल्डरही दुरुस्त करू शकतो.

घुमट घ्यायची दोन ठोस कारणं आहेत. एक वारा: डोंगरकड्यावर किंवा उघड्या माळावर घुमटाच्या फटीतून पाहताना दुर्बीण थरथरत नाही. दुसरं उजेड: शेजारच्या सोसायटीचा हॅलोजन थेट डोळ्यात येत असेल तर घुमटाची भिंत तो अडवते. मात्र घुमट दुर्बिणीबरोबर फिरवावा लागतो, म्हणजे आणखी एक मोटर, आणखी एक कंट्रोलर. फोटोसाठी रात्रभर यंत्रावर सोडून झोपायचं असेल तर बिघडण्याजोग्या गोष्टी जितक्या कमी तितकं बरं.

घुमट दिसायला सुंदर असतो आणि शाळांना तोच हवा असतो. ते कारणही आम्हाला मान्य आहे. गावातल्या मुलांना लांबून पांढरा घुमट दिसला की तिथे काय आहे हे ती विचारायला येतात.

मुलाने न्यू जर्सीहून सरकत्या छपराचा आराखडा पाठवला आहे. तसाच बांधून द्याल का?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. आराखडे चांगले असतात, पण ते ४० अंश अक्षांशासाठी आणि बर्फासाठी काढलेले असतात. आपण १५ ते २२ अंशांवर राहतो आणि आपल्याकडे चार महिने पाऊस पडतो. त्यामुळे तीन गोष्टी मुळापासून बदलाव्या लागतात.

पहिली गोष्ट दक्षिणेची भिंत. त्या आराखड्यांत भिंती सात फुटांच्या असतात. दुर्बिणीचा मध्य जमिनीपासून १.६ मीटरवर आणि भिंत खांबापासून दीड मीटरवर धरली, तर सात फुटी भिंत क्षितिजापासून साडेएकोणीस अंशांपर्यंतचं आकाश झाकते. न्यू जर्सीत त्यानं फारसं बिघडत नाही, तिथे अगस्ती उगवतच नाही. पण पुण्यात अगस्ती मध्यावर येतो तेव्हा जेमतेम १९ अंशांवर असतो, म्हणजे तो बरोबर त्या भिंतीआड जातो. त्रिशंकू ११ अंशांच्या आसपास असतो, तोही गेला. दक्षिणेचं हे आकाश आपल्या अक्षांशाचं धन आहे. मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्यातून २४ अंशांवर येतो. न्यू जर्सीत तो क्षितिजाला चिकटलेला असतो. आम्ही दक्षिणेची भिंत साडेपाच फुटांवर थांबवतो. ज्यांना उभं राहायला जास्त उंची हवी असते त्यांच्यासाठी भिंतीचा वरचा दीड फूट बिजागऱ्यांवर बाहेर पडेल असा करतो.

दुसरी गोष्ट छप्पर सरकण्याची दिशा. तिकडे ते डोळे झाकून उत्तरेला सरकवतात, कारण त्यांचा ध्रुवतारा ४० अंशांवर असतो आणि उघडलेलं छप्पर त्याच्या खालीच राहतं. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. पुण्यात साडेअठरा अंश, कोल्हापुरात पावणेसतरा, पणजीत साडेपंधरा. उघडलेल्या छपराची जवळची कड खांबापासून दीड मीटरवर आणि आढे २.६ मीटर उंचीवर असेल तर ते जवळजवळ ३४ अंशांपर्यंत आकाश अडवतं. म्हणजे ज्या ताऱ्याशी दुर्बिणीचा फिरण्याचा अक्ष जुळवायचा तोच छपरामागे! आम्ही छप्पर बसकं करतो, आढे २.१ मीटरवर आणतो आणि रूळ आणखी एक मीटर लांब काढतो. मग अडथळा ११ अंशांवर येतो आणि ध्रुवतारा मोकळा दिसतो. रूळ लांब काढायला जागा नसेल तर छप्पर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकवायचं. शहराचा उजेड ज्या दिशेला असेल तीच दिशा त्यासाठी निवडावी, तिथलं आकाश तसंही कामाचं नसतं.

तिसरी गोष्ट वळचण. बर्फ वरून पडतो, आपला पाऊस आडवा येतो. भिंत आणि छप्पर यांच्यात चाकांसाठी जी फट असते तिच्यातून पाणी आत फेकलं जातं. आम्ही छपराचा पत्रा भिंतीच्या माथ्याच्या नऊ इंच खाली उतरवतो, आतून रबराची दुहेरी पट्टी लावतो आणि रुळाखाली पन्हळ देतो. एवढं करूनही कोकणात आणि घाटमाथ्यावर जोरदार झडीत थोडा तुषार आत येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडची वेधशाळा आधी पावसासाठी बांधायची आणि मग आकाशासाठी, हे आम्ही स्वतःच्या चुकांतून शिकलो. पहिलं छप्पर आम्हीही परदेशी आराखडा समोर ठेवूनच केलं होतं. जुलैत दार उघडलं तेव्हा जमिनीवर घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यात पॉवर सप्लाय बुडलेला होता.

आमची इमारत चार मजली आहे. गच्चीवर खांब उभा करता येईल का?

येईल, पण कुठे उभा करायचा हे महत्त्वाचं. स्लॅबच्या मधोमध उभा केलात तर कुणी चालत गेलं तरी तारा नाचतो. खांब कॉलमच्या डोक्यावर, निदान दोन बीम जिथे मिळतात तिथे यायला हवा. इमारतीचे आरसीसी नकाशे मिळाले तर उत्तम. नाहीतर खालच्या मजल्यावर जाऊन कॉलम कुठे येतो ते मोजतो.

थरथर किती कमी हवी याचा अंदाज देतो. एक मीटर उंचीच्या खांबाचं टोक ५ मायक्रॉन कललं तर दुर्बीण १ विकला (अंशाचा ३६००वा भाग) फिरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या चौदाव्या हिश्श्याएवढं हलणंही फोटोत दिसू शकतं. म्हणून खांबाचा व्यास वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पत्र्याची जाडी तीच ठेवून चार इंची पाइपाऐवजी आठ इंची घेतला तर ताठपणा सुमारे आठपट होतो. उंची निम्मी केली तरीही आठपट. लोक जाड पत्र्याचा, बारीक आणि उंच खांब मागतात, कारण तो देखणा दिसतो. आम्ही आठ इंची, ६ मिलिमीटर जाडीचा, शक्य तितका बुटका खांब देतो आणि आत कोरडी वाळू भरतो. वाळू कंप शोषून घेते. बोटानं टिचकी मारून बघा: रिकामा पाइप घणघणतो, भरलेला ठक्क करून गप्प होतो.

खोलीची जमीन खांबाला टेकता कामा नये. गच्चीवर आम्ही लाकडी फळ्यांची जमीन वेगळ्या पायांवर उचलतो आणि खांबाभोवती इंचभर फट ठेवतो.

लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप आणि गच्चीवरची टाकी जिथे आहे तिथून जितकं दूर जाता येईल तितकं जा. सोसायटीची लेखी संमती आणि स्थापत्य अभियंत्याचा होकार हातात आल्याशिवाय आम्ही गच्चीवरचं काम हाती घेत नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पाडलं आणि खालच्या घरात पाणी मुरलं तर ती कटकट वर्षानुवर्षं चालते. म्हणून शक्य तिथे बोल्ट स्लॅबमध्ये न घालता कॉलमवर छोटा आरसीसी चबुतरा ओतून घेतो.

शेतातली जागा आहे, काळी माती आहे. पाया किती खोल घ्यायचा?

मुरूम लागेपर्यंत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांत हात जाईल एवढ्या. तिच्यावर ओतलेला पाया दर ऋतूत कलतो. दिवाळीत जुळवलेला ध्रुवीय अक्ष मार्चमध्ये चुकलेला सापडतो आणि माणूस माउंटला, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीला, दोष देत बसतो. काळी माती पूर्ण काढून खाली मुरमात तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा ओतायचा. त्याचं वजन पावणेदोन टनांवर जातं. भोवती थर्माकोलची पट्टी लावून मग जमिनीची फरशी. फाउंडेशन बोल्टांची चौकट आम्ही साचा म्हणून आधी पाठवतो. तिच्यावर उत्तरेचा बाण कोरलेला असतो. तो बाण होकायंत्रावर विसंबून लावू नका, जवळच्या सळया होकायंत्राला फसवतात. दुपारी सूर्य मध्यावर आला की ओळंब्याची सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. त्या दिवशीची मध्यान्हीची वेळ आम्ही तुम्हाला मिनिटासकट कळवतो.

आमचा माउंट कमी अक्षांशावर नीट बसत नाही. तुमच्या खांबानं प्रश्न सुटेल का?

बहुतेक वेळा सुटतो. बरेच विषुववृत्तीय (ध्रुवताऱ्याकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारे) माउंट युरोप-अमेरिका डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. अक्ष १८ अंशांवर आणला की तो जवळजवळ आडवा होतो आणि तोल साधणाऱ्या वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायाला आपटते. आमच्या खांबाचा वरचा भाग उत्तरेकडे थोडा पुढे काढलेला आणि निमुळता असतो, त्यामुळे दांडीला फिरायला जागा मिळते. ऑर्डर देताना माउंटचं मॉडेल आणि तुमचा अक्षांश लिहून पाठवा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून पाहतो, मग लोखंड कापतो.

पावसाळ्यात दुर्बीण आतच ठेवली तर चालेल का?

माउंट आणि खांब राहू द्या. आरसे, भिंगं आणि कॅमेरा मृग लागण्याआधी घरात आणा. बुरशीला सत्तर टक्क्यांच्या वरची आर्द्रता आणि अंधार एवढंच लागतं, आणि बंद वेधशाळेत ही दोन्ही जुलैभर असतात. भिंगावर बुरशीचे धागे एकदा रुजले की पुसून जातात, पण कोटिंगवर खाल्ल्याची खूण राहते.

घरात लोखंडी कपाटात दुर्बीण ठेवून खाली १५ वॅटचा जुना झिरोचा बल्ब लावणं हा आजही आमचा आवडता उपाय आहे. २५ अंशांची ९५ टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ७१ टक्क्यांच्या आसपास येते. पाण्याचा अंश तोच राहतो, पण गरम हवेत तो बुरशीच्या फारसा कामाचा उरत नाही. बल्ब तारेचाच हवा. एलईडीचा झिरो बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. त्याच्या जोडीला सिलिका जेल. दाणे रंग बदलले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत कधीच नको. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. शक्यतो केशरी दाणे घ्या.

माउंटवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका. आत अडकलेली वाफ रोज रात्री त्याच लोखंडावर दव होऊन बसते. जुनी सुती चादर घाला, वरून सैल ताडपत्री.

पावसाळ्यानंतरच्या पाहुण्यांबद्दलही सांगायला हवं. एका ऑक्टोबरमध्ये एका ग्राहकाचा फोन आला, की छप्पर बंद होतं पण कंट्रोलरला ते कळतच नाही. जाऊन लिमिट स्विचचं, म्हणजे छप्पर टोकाला पोचल्याचं कंट्रोलरला सांगणाऱ्या स्विचचं, झाकण उघडलं. आत कुंभारीण माशीनं मातीची तीन गोल मडकी थापली होती, नखाएवढी, गुळगुळीत. एक फोडलं तर आत हिरव्या अळ्या रचून ठेवलेल्या, बधिर झालेल्या पण जिवंत, तिच्या पिलांसाठी. स्विचची पट्टी त्या मातीत पक्की रुतली होती. त्यानंतर आम्ही उघडे स्विच बंद केले आणि आता चुंबकावर चालणारे सीलबंद स्विच लावतो. ध्रुवदर्शक दुर्बिणीचं भोक, वायरींच्या नळ्या, खांबाची वरची भोकं, सगळ्यांना जाळी किंवा बूच लागतं. उंदरांसाठी वायरी लोखंडी नळीतून न्यायच्या. पालींवर उपाय आम्हाला सापडलेला नाही. त्या कंट्रोलरच्या उबेला येतात, म्हणून डबा सीलबंद ठेवतो.

कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ लोखंड टिकेल का?

नुसतं रंगवलेलं लोखंड टिकत नाही. समुद्रापासून काही किलोमीटरपर्यंत आम्ही सगळा सांगाडा वेल्डिंग झाल्यावर गरम जस्तात बुडवून घेतो, बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे वापरतो आणि पत्र्याऐवजी एफआरपी घालतो. खर्च वाढतो. तो वाचवायचा असेल तर छप्पर लहान करा, जस्त वाचवू नका.

वादळात छप्पर उडेल का?

कुलपं लावलेली असतील तर नाही. ढोबळ हिशेब पाहा. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. ३९ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. दहा फूट बाय दहा फूट छपरावर तो साडेआठशे किलोंच्या घरात पोचतो. आमच्या त्या आकाराच्या छपराचं वजन अडीचशे किलोपर्यंत असतं. म्हणजे वजनाच्या भरवशावर छप्पर जागेवर राहील ही समजूत धोक्याची आहे.

हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. एका शाळेच्या गच्चीवर बसवलेलं छप्पर मेच्या वळवात दोन चाकांवर उचललं गेलं. चारपैकी दोनच खिट्ट्या लावल्या होत्या. सुदैवानं ते परत रुळावर बसलं. त्या दिवसापासून चाकांना रुळाखालून धरणारे आकडे आम्ही प्रत्येक छपरावर देतो, ग्राहकानं मागितले नाहीत तरी. छप्पर उघडं असतानाही ते आकडे काम करतात. आणि चारही खिट्ट्या रोज लावायच्या. आकाश कितीही निरभ्र असलं तरी लावायच्या.

रात्री लाईट गेली आणि पाऊस आला तर?

छपराची मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, घरची वीज फक्त ती बॅटरी चार्ज करते. त्यामुळे लाईट गेली तरी छप्पर बंद होतं. बॅटरीही संपली तर हातानं फिरवायचा दांडा असतो, दहा-बारा वर्षांचं मूलही तो फिरवू शकतं. मोटर आणि दातेरी पट्टी सरकत्या फाटकांसाठी मिळते त्याच जातीची वापरतो, म्हणजे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात.

पावसाचा सेन्सर पहिल्या थेंबांना छप्पर बंद करायचा हुकूम देतो. पण त्याआधी दुर्बीण आडवी झाली आहे ना हे तपासणं जास्त महत्त्वाचं. बसकं छप्पर उभ्या दुर्बिणीवर येऊन आदळलं तर नुकसान पावसापेक्षा मोठं असतं. दुर्बीण आडवी असल्याचा वेगळा स्विच खांबावर असतो आणि त्याच्याशिवाय छप्पर हलत नाही. हा स्विच सॉफ्टवेअरवर सोपवायला आम्ही तयार नाही. संगणक अडकतो, वायर अडकत नाही. आमचे कंट्रोलर आस्कॉम आणि इंडी या वेधशाळेची यंत्रं संगणकाला जोडणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअर प्रणालींशी बोलतात.

वळवाच्या दिवसांत विजा होतात. अर्थिंग नीट करून घ्या, आणि गडगडाट ऐकू आला की मेनचा प्लग हातानं काढून ठेवा.

शहरातून काय दिसणार? एवढा खर्च वाया तर नाही ना जाणार?

आकाशगंगा दिसणार नाही. पण चंद्र, ग्रह, जोडतारे, रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे शहरातूनही उत्तम दिसतात. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी हौशी निरीक्षक शंभरहून जास्त वर्षं ठेवत आले आहेत आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ त्या वापरतात. त्यासाठी गडद आकाशापेक्षा सातत्य लागतं, आणि सातत्य घरच्या गच्चीवरच जमतं. शहरात वेधशाळा असण्याला पुण्यात जुना आधार आहे. भावनगरच्या महाराजांच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगामवाला काम करत. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण १८८८ साली डब्लिनच्या ग्रब कारखान्यात बनली होती. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती पुण्यातून गेली याची हळहळ मला आजही वाटते.

तेजोमेघांचे फोटो काढायचे असतील आणि गावी जागा असेल तर मात्र गावीच बांधा, आणि गावातला उजेड वाढू नये म्हणून ग्रामपंचायतीशीही बोला. रस्त्यावरच्या दिव्याला वरून टोपी घातली तर रस्त्यावर उजेड वाढतो आणि आकाशात कमी जातो, हे सरपंचांना एकदा करून दाखवलं की पटतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली गडद आकाशाच्या उद्यानाचा दर्जा मिळाला. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलण्याचं काम झालं. हे दुसरीकडेही होऊ शकतं.

शाळेसाठी करून देता का?

देतो, आणि ते काम आम्हाला सगळ्यात जास्त आवडतं. अट एकच: वेधशाळेची किल्ली ज्यांच्याकडे राहील असे दोन शिक्षक बसवताना पूर्ण वेळ हजर हवेत. एकाची बदली झाली की वेधशाळेला कुलूप लागतं, हे फार ठिकाणी झालेलं आहे.

दिवसा सूर्य दाखवायचा असेल तर सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच लावायचा, डोळ्याच्या बाजूला लावायचे फिल्टर तडकतात. शोधक दुर्बिणीलाही टोपी घालायची. मुलं वर येण्याआधी ही दोन्ही कामं झालेली असली पाहिजेत. दिवसा छप्पर उघडं आणि दुर्बीण झाकणाशिवाय, असं एक मिनिटही ठेवू नका. डोळ्याचा धोका आहेच, शिवाय आतल्या सामानाला आग लागू शकते.

उन्हाळ्यात आत भट्टी होते. काय करायचं?

छप्पर आणि भिंती पांढऱ्या ठेवा, आतून इन्सुलेशन लावा, दुपारी एक छोटा एक्झॉस्ट पंखा चालू द्या. सूर्य मावळताच छप्पर उघडा आणि तासभर थांबा. आरसा हवेपेक्षा गरम असेपर्यंत गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा दिसतो.

किंमत किती?

इथे आकडा लिहीत नाही, कारण लोखंडाचे भाव बदलतात आणि जागेगणिक पाया बदलतो. जागा पाहिल्यावर पाया, सांगाडा, मोटर-कंट्रोलर आणि वाहतूक असे चार वेगळे आकडे लिहून देतो. पैसे कमी असतील तर मोटर पुढच्या वर्षी घ्या, छप्पर हातानंही सहज सरकतं. पायात आणि खांबात मात्र काटकसर नको, ते नंतर बदलता येत नाहीत.

मी स्वतःच बांधू का?

नक्की बांधा. दहा बाय दहाच्या छपराचा आमचा आराखडा आम्ही मागेल त्याला फुकट देतो, मापांसकट. चाकं आणि आकडे तेवढे आमच्याकडून घेतलेत तर बरं, कारण व्ही खाचेची चाकं बाजारात मिळतात त्यांची बेअरिंग पहिल्याच पावसात धरतात. कुठे अडलात तर फोन करा.

ऑर्डर कधी द्यायची आणि पुढे देखभाल कोण करतं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या. एप्रिलमध्ये पाया ओतला की त्याला २८ दिवस पाणी मारायला वेळ मिळतो, आणि पावसाळ्यात तो जमिनीत नीट बसतो. छप्पर आम्ही कारखान्यात पावसाळ्यात बनवतो आणि हस्ताचा पाऊस ओसरला की येऊन बसवतो, म्हणजे कोजागरीच्या सुमारास तुमच्या हातात. सप्टेंबरमध्ये फोन करून दिवाळीला छप्पर मागितलंत तर नाही म्हणावं लागेल.

त्यानंतर दोन वर्षं मेच्या शेवटच्या आठवड्यात आमचा माणूस येतो. चाकांना ग्रीस, रबराच्या पट्ट्या, पन्हळीतला पाचोळा, बॅटरी, चारही खिट्ट्या, एवढं तपासतो. तिसऱ्या वर्षापासून हे तुम्ही स्वतः करायचं. यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते, लाल टॉर्चच्या उजेडातही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत.